बाबांच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचवताना

“काय म्हणाला तो?”

सिनेमा बघताना हा प्रश्न आमच्याकडे दर पाच मिनिटांनी यायचा. विचारायचे बहुतेक वेळा माझे सासरे, पण खरं सांगायचं तर मलाही अर्धं कळलेलं नसायचं. बाबांनी विचारलं की बरं वाटायचं, आपल्याला कबूल करावं लागत नाही. मग रिमोटची कसरत. कुजबुजीचा प्रसंग आला की आवाज २० वरून ३५, आणि लगेच पुढे गाडी उलटली की धावत परत १५. शेवटी सगळेच खालच्या अक्षरांवर नजर ठेवून सिनेमा ‘वाचायला’ लागलो.

टीव्ही नवा होता, चित्र झकास. पण हे टीव्ही इतके सडपातळ झालेत की स्पीकरला समोर तोंड करायला जागाच उरत नाही. आमच्या टीव्हीचे स्पीकर खाली जमिनीकडे बघतात. आवाज आधी टेबलावर आपटतो, मग आपल्याकडे येतो. बाबा म्हणायचे, “आवाज येतो गं, शब्द येत नाहीत.” तेव्हा मी हसले होते. नंतर कळलं की त्यांचं निदान अचूक होतं. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू यायला लागतात, आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांची ओळख पटते ती नेमकी तिथे. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. अशा वेळी आवाज नुसता वाढवला की खालचा घुमाराही तितकाच वाढतो आणि उरलीसुरली व्यंजनं त्यात बुडतात.

मला मात्र तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मी ठरवून टाकलं की होम थिएटर घ्यायचं, आणि घ्यायचं तर ५.१. या आकड्याचा अर्थ सोपा आहे: समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, असे पाच; आणि पॉइंटनंतरचा १ म्हणजे फक्त खर्जासाठी असलेला सबवूफर. स्वस्तातले संच एकाच खोक्यात सगळं देतात, त्यामुळे भरपूर मिळाल्यासारखं वाटतं.

घेण्याआधी एक शहाणपणा मात्र सुचला. बुटांची पाच रिकामी खोकी घेतली आणि जिथे स्पीकर येतील तिथे ठेवून दिली. तीन दिवस तशीच राहू द्यायची, असं ठरलं. मागचे स्पीकर खरं तर ऐकणाऱ्याच्या बाजूला आणि किंचित मागे हवेत. समोरची दिशा शून्य धरली तर साधारण ११० अंशांवर. आमचा सोफा भिंतीला टेकलेला. मागे जागाच नाही, आणि एका बाजूला दार. दाराजवळचं खोकं मुलीने पहिल्याच संध्याकाळी लाथाडलं, दुसऱ्या दिवशी मी. वायर तर अजून यायचीच होती. तिसऱ्या दिवसापर्यंत खोकी टिकली नाहीत आणि ५.१ चा विषयही संपला.

वॉटच्या भानगडीत मी फार वेळ घालवला, तुम्ही घालवू नका. खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभरापुरती कमाल ताकद) असं लिहून हजारोंचा आकडा छापलेला असला तर तो वाचायचाच नाही. ‘आरएमएस’ म्हणजे सलग देता येणारी ताकद, तेवढीच बघायची. एका संचाच्या पुढच्या बाजूला १००० वॉट होते आणि मागच्या पट्टीवर लिहिलं होतं की तो वीज खातो ६० वॉट. वरचं काय तो हवेतून आणणार होता? तसंही वॉट दुप्पट झाले तर आवाजात जेमतेम ३ डेसिबलची भर पडते, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट ताकद लागते. घरच्या खोलीत, आमच्यासारख्या लोकांना, वॉट कमी असल्याने काही बिघडत नाही.

याच सुमारास मामेभाऊ आला. त्याला या गोष्टींचा नाद. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी आमच्या स्ट्रीमिंगच्या डबीचं सेटिंग उघडलं. डबी ५.१ चा आवाज पाठवत होती आणि टीव्हीला स्पीकर दोन. त्याने ते स्टिरिओ केलं. लगेच संवाद थोडे वर आले. एक पैसाही न घालवता! काखेत कळसा, दुसरं काय. मात्र ‘थोडे’ म्हणजे थोडेच.

मग तो म्हणाला, “ताई, आठवडाभर माझे स्पीकर वापरून बघ.” पुस्तकांच्या कप्प्यात मावतील असे दोन, आतच ॲम्प्लिफायर असलेले. टीव्हीच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा खालची अक्षरं बंद केली. समोर बघणारे दोन साधे स्पीकर इतका फरक पाडतात यावर विश्वास बसेना. टीव्हीच्या अगदी मधोमध, जिथे स्पीकर नाहीच, तिथून माणूस बोलतोय असं वाटत होतं.

मला आणि नवऱ्याला, हं. बाबा म्हणाले, “हा कोपऱ्यातून का बोलतोय?”

मी उठून त्यांच्या खुर्चीत बसले. खरंच, अख्खा सिनेमा डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसला होता. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते. दोन स्पीकरच्या मधोमध बसलं की दोन्हीकडून आवाज एकाच वेळी पोचतो आणि मेंदू तो मध्यावर ठेवतो. बाबांची खुर्ची डावीकडे, खिडकीजवळ. डावा स्पीकर त्यांना उजव्यापेक्षा जवळपास मीटरभर जवळ. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरभराला ३ मिलिसेकंद. तेवढ्या फरकानेही कान आधी पोचलेल्या आवाजाकडे ओढ घेतो. चित्रातला माणूस उजवीकडे उभा आणि त्याचा आवाज खिडकीतून!

खुर्ची हलवा, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती खुर्ची तिथेच राहणार.

म्हणजे मधला स्पीकर खराखुरा हवा. सिनेमाच्या ५.१ आवाजात बहुतेक संवाद त्या मधल्या चॅनलवरच असतात. तो टीव्हीच्या खाली असला की कुठेही बसा, शब्द पडद्यावरूनच येतात. यादी एकदम छोटी झाली: समोर तीन, खाली एक सबवूफर. ३.१.

मामेभावाचं मत होतं की जुना रिसिव्हर, म्हणजे आवाज घेऊन वेगवेगळ्या स्पीकरना वाटणारा ॲम्प्लिफायर, घे आणि त्याला तीन सुटे स्पीकर जोड, पुढे हवं तेव्हा वाढव. आवाजाच्या बाबतीत तो बरोबर होता, आजही मी ते मान्य करते. पण रिसिव्हर म्हणजे टेबलावर बसलेली एक पेटी, पाठीमागे वायरींचं जाळं आणि आणखी एक रिमोट. आमच्याकडे बाबांना सकाळी उठून स्वतः बातम्या लावता आल्या पाहिजेत. जे यंत्र मी घरात नसताना कुणी चालू करू शकत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी माझ्या कामाचं नाही. ३.१ चा साउंडबार, म्हणजे समोरचे तिन्ही स्पीकर टीव्हीखालच्या एकाच लांब पट्टीत, असं ठरलं.

दुकानात विक्रेत्याने अर्थातच स्फोट लावला. काचा हादरल्या, दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, “बातम्या लावा ना.” तो गोंधळला. बातम्यांनंतर मी फोनवर आणलेला, पावसात दोघं हळू बोलतात असा प्रसंग लावायला सांगितला, डोळे मिटले आणि मुद्दाम एका बाजूला सरकून बसले. तीन साउंडबार ऐकले. सगळ्यात दणकट सबवूफरवाल्यात पाऊस सुंदर होता आणि माणसं बादलीत तोंड घालून बोलत होती. दुसऱ्यावर ‘३.१’ नव्हतं, पण ‘ॲटमॉस’ची, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येण्याची, चिठ्ठी होती. विचारलं तर कळलं, छताकडे बघणारे स्पीकर त्यात नाहीतच. वरून आवाज आल्याचा भास फक्त गणिताने करतात. भास वाईट नव्हता, पण मला छतावरून काही ऐकायचं नव्हतं. तिसरा दिसायला अगदी सामान्य. त्यात ‘म्हणून मी आलेच नाही’ हे वाक्य मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. परत करायची मुदत किती तेवढं विचारलं आणि घेऊन आले.

जोडताना तासभर शांतता. घरातही आणि साउंडबारमध्येही. टीव्हीला मागे एचडीएमआयची तीन छिद्रं, तिन्ही सारखीच दिसतात, पण आवाज बाहेर पाठवणारं एकच. त्याच्याजवळ बारीक अक्षरात ‘एआरसी’ लिहिलेलं. ते मला मोबाइलच्या उजेडात, गालाला भिंत लावून, शेवटी दिसलं. एआरसी २००९ पासूनच्या एचडीएमआय १.४ मध्ये आहे, त्यामुळे फार जुना टीव्ही नसेल तर बहुधा असतंच. त्याच वायरीने टीव्हीच्या रिमोटवर साउंडबारचा आवाजही कमीजास्त होतो. बाबांचा प्रश्न तिथेच मिटला. ब्लूटूथने जोडू नका. जुळतं लगेच, पण आवाज ओठांच्या मागे पडतो.

आवाज आला, पण दुकानातल्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं होतं, म्हणजे टीव्ही सगळ्याचे दोनच चॅनल करून पुढे ढकलत होता. ते ‘बिटस्ट्रीम’ केलं, म्हणजे आवाज आला तसाच पुढे जाऊ दिला. डबीचं सेटिंग, जे भावाने स्टिरिओ केलं होतं, ते परत ५.१ वर नेलं. मग साउंडबारच्या मध्यावर कान लावून बसले. संवाद तिथून, संगीत दोन बाजूंनी. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

राहिला सबवूफर. शोभेसाठी तो कोपऱ्यात ठेवला आणि खोली ढोलासारखी घुमायला लागली. एका ठरावीक सुराला कपाटातली काच किणकिण करायची. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. भावाने फोनवर उपाय सांगितला, तो ऐकून मला वाटलं चेष्टा करतोय. सबवूफर सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे खर्ज भरलेला पण स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो समोरच हवा असं काही नाही. मी रांगले. मुलीने व्हिडिओ काढला. बाबा म्हणाले, “काही हरवलंय का?” जागा सापडली ती टीव्हीच्या टेबलाच्या उजवीकडे, भिंतीपासून हातभर पुढे. शिवाय त्याची पातळी कारखान्यातून आली होती त्यापेक्षा दोन घर खाली आणली. काच गप्प झाली.

ओठ आणि आवाज यांत अजून किंचित फरक वाटत होता, तो टीव्हीतल्या ‘लिप सिंक’ने भागला. रात्री ‘नाइट मोड’ लावतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. सिनेमातला दणका त्याने मरतो, हे खरं. पण शेजारच्या खोलीत मुलगी झोपते.

एक उणीव आहेच. गाणी ऐकायला साउंडबार मला आवडत नाही. डावा-उजवा एकमेकांना इतके चिकटलेले की तबला आणि सारंगी एकाच खुर्चीत बसल्यासारखे वाटतात. टीव्हीसमोर मन लावून गाणी ऐकणारं आमच्याकडे कुणी नाही, म्हणून चाललं. मामेभावाचे दोन स्पीकर मात्र अजून आतल्या खोलीत आहेत. आठवड्यासाठी दिले होते. त्याचा परवा फोन येऊन गेला, मी विषय बाबांच्या गुडघ्यावर नेला.