रात्री अकरानंतर नाक्यावरचा सिग्नल ब्लिंकरवर टाका

माझी मागणी एका ओळीची आहे, म्हणून आधी तीच लिहितो. रात्री अकरा ते पहाटे साडेपाच या वेळात आमच्या नाक्यावरचा सिग्नल ब्लिंकरवर टाका, म्हणजे दिवा नुसता उघडझाप करत ठेवा. ज्या रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही, त्या रस्त्याला हिरवा देत बसायचं आणि जो एकटा उभा आहे त्याला लाल दाखवत राहायचं, हे आता थांबायला हवं.

मी रात्रीची रिक्षा चालवतो. आमच्याकडे रात्रीची रिक्षा म्हणजे स्टेशनची रिक्षा. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत, हे इथे उतरणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला माहीत आहे. रूळ जिथून नेता आले तिथून नेले, गावं होती तिथेच राहिली. त्यामुळे कोकणकन्या असो की तुतारी, अपरात्री फलाटावर उतरलेल्या माणसाला बाजारपेठेपर्यंत, एसटी स्टँडपर्यंत यायला रिक्षाच लागते. पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी होतो, दरड-पाण्यामुळे आणखी उशीर होतो. मग आम्ही स्टेशनबाहेर ताटकळतो, आणि पॅसेंजर मिळाला की नाक्यावर पुन्हा ताटकळतो.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. कुणाला बोल लावायचा नाही, काम व्हायला हवं आहे.

सिग्नल चार रस्त्यांचा. लाल लागला की टायमर नव्वदपासून सुरू होतो. टायमरवरच्या डावीकडच्या आकड्यातली वरची उजवी काडी जळलेली आहे. त्यामुळे नव्वदच्या जागी पन्नास दिसतात, पुढच्या सेकंदाला एकदम एकोणसत्तर. सत्तरच्या घरात आला की कुठला आकडा आहे तेच कळत नाही, साठ-पन्नासच्या घरात तेवढा नीट वाचता येतो. नवीन पॅसेंजर गोंधळून विचारतो, "दादा, हा वर चाललाय की खाली?" मी आता टायमरकडे बघत नाही, समोरच्या मेडिकलच्या शटरकडे बघतो. आपल्यानंतर डावीकडच्या रस्त्याला हिरवा लागतो, तिकडून कोणी येत नाही. मग समोरच्याला लागतो, तिथेही चिटपाखरू नाही. मग उजवीकडे. प्रत्येक वेळी हिरवा पूर्ण संपायची वाट बघायची. दिवसा हेच नव्वद सेकंद रास्त आहेत, कारण चारही बाजूंनी गाड्या असतात आणि प्रत्येकाला वाट मिळायला हवी. माझं भांडण दिवसाच्या सिग्नलशी नाही.

तेलाचा हिशेब सांगतो, कारण धंद्यात तोच आधी दिसतो. इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभी असलेली साधी कार तासाला अर्धा ते एक लिटर तेल खाते, मोठा ट्रक दोन-तीन लिटर. म्हणजे नव्वद सेकंदांत कारचं जळतं ते खोकल्याच्या औषधाच्या दोन झाकणांएवढं. एका गाडीपुरतं बघितलं तर कोणी मनावर घेणार नाही. पण खरं तेल जातं ते थांबून पुन्हा निघताना. स्टेशनकडून येणारा रस्ता नाक्याला चढाने मिळतो. जांभ्या चिऱ्याचा भरलेला ट्रक त्या चढावर लालला थांबला, की निघताना काय होतं ते मी रोज ऐकतो. पहिला गिअर, इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, मग हलते, मग दुसरा, तोवर मागच्याच्या तोंडावर काळ्या धुराचा लोट. हाच ट्रक हळू चालत नाका ओलांडून गेला असता तर त्यातलं निम्मं कष्ट वाचलं असतं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रस्ता मोकळा असताना तो सोडायचं काहीही कारण नाही.

इंजिन बंद करा, असं सांगतात. बरोबरच आहे. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करण्यातच बचत आहे. दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीमच काढली होती. मीही बंद करतो. पण आषाढातल्या पावसात वायपर चालू, हेडलाइट चालू, दोन्ही बाजूंचे पडदे खाली आणि इंजिन बंद, अशा वेळी बॅटरीवर काय ताण येतो ते रिक्षावाल्याला विचारा. शिवाय रिकाम्या चौकात लाल लावून ठेवायचा आणि मग इंजिन बंद करा म्हणायचं, यापेक्षा तो लालच कशाला, हा प्रश्न आधीचा आहे.

तेलापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त टोचते. रात्री लालला थांबणारा माणूस आता एकटा पडला आहे. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे मी थांबलेलो, मागे म्हातारं जोडपं, मांडीवर पिशव्या. मागून डंपर आला. त्याचे हेडलाइट रिक्षात असे भरले की आजींच्या हातातल्या बांगड्या दिसायला लागल्या. त्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. मग डावीकडून अगदी घासून लाल तोडून निघून गेला. आजोबा म्हणाले, "अरे बाबा, कोण हाय आता रस्त्यात? घे पुढे." मी घेतली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, पहिल्याच वेळी हजार ते पाच हजार दंड होऊ शकतो. माझं पोट बॅजवर आहे. त्यांना पहिली एसटी पकडायची होती. स्टँडवर पोहोचलो तेव्हा गाडी फाटकातून बाहेर पडून वळणावर होती. त्यांच्या गावाला त्यानंतरची गाडी थेट दुपारी. उशीर मुळात ट्रेनचा होता हे खरं, पण शेवटची मिनिटं त्या नाक्याने खाल्ली, आणि ती कुणाच्याच कामी आली नाहीत.

त्या डंपरवाल्याला मी सगळा दोष देत नाही. रोज रात्री लाल दिव्यामागे काहीच नसतं हे त्याने पाहिलं आहे. हीच सवय सकाळी साडेसहाला, दूधवाले आणि क्लासची पोरं रस्त्यावर आलेली असताना, तो बरोबर घेऊन येतो. आमच्याकडे आता दिवसाही लाल लागल्यावर दोन-तीन गाड्या सुटतातच. मी थांबलो की मागचे शिव्या देतात. पाळणाऱ्याला मूर्ख ठरवणारा नियम फार दिवस टिकत नाही, आणि हा नियम टिकायला हवा असं मला मनापासून वाटतं.

१९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला विजेवरचा सिग्नल बसला, तो चौकातल्या केबिनमध्ये बसलेला पोलीस हाताने चालवायचा. दिवे विजेचे, पण नजर माणसाची. रस्त्यावर कोण आहे ते बघून तो दिवा बदलायचा. नजर जाऊन नुसतं घड्याळ उरलं ते पुढे. आमच्या नाक्यावर गणपतीत हेच उलट दिशेने होतं. मुंबईकरांच्या गाड्यांची रांग लागली की हवालदार खांबाजवळची पेटी उघडतात, ऑटोवरचा सिग्नल मॅन्युअलवर घेतात आणि ज्या बाजूला गर्दी आहे ती बाजू सोडतात. तासाभरात नाका मोकळा होतो. त्याच पेटीत ब्लिंकरचीही सोय आहे. नवीन काही विकत घ्यायचं नाही, निविदा काढायची नाही.

आणि हे कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेलं नाही. सिग्नल कुठे बसवावा याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी ९३, १९८५ सालची. त्यात मोजणीचा एक निकष आहे: दोन्ही रस्त्यांना जाण्यायेण्याची एकेकच लेन असेल तर मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मिळून तासाला ६५० आणि आडव्या रस्त्यावर २०० गाड्या. सलग काही तास वाहतूक या आकड्यांच्या निम्म्याखाली गेली, तर तेवढ्या वेळापुरता सिग्नल ब्लिंकरवर टाकता येतो. आमच्या नाक्यावर रात्री दीड वाजता तासाला ३२५ गाड्या? शक्यच नाही. नागपुरात उन्हाळ्यात भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांनी उन्हात भाजू नये म्हणून. म्हणजे वेळ बघून सिग्नल चालवणं आपल्याच राज्यात होतं.

आमच्या संघटनेतल्या एका जुन्या रिक्षावाल्याचं मत वेगळं आहे, आणि ते मला उडवून लावता येत नाही. ते म्हणतात, पिवळा उघडझाप करायला लागला की हायवेच्या बाजूने येणारा कोणी ब्रेकवर पाय ठेवणार नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. अमेरिकेत काही शहरांनी रात्रीचे ब्लिंकर बंद करून पुन्हा नेहमीचा सिग्नल सुरू केला, कारण चौकात आडव्या धडका वाढल्या होत्या. आमच्याकडे तर पहाटे चारपासून मासळीच्या पाट्या घेऊन बायका टेम्पोच्या वाटेने चालत नाका ओलांडतात. त्यांच्या अंगावर कोणी भरधाव यावं, असं मला चालणार नाही.

म्हणून संघटनेत बसून आम्ही मागणी नीट केली. मोठ्या रस्त्याला उघडझाप करणारा पिवळा, म्हणजे वेग कमी करून बघून जा. स्टेशनच्या आणि बाजाराच्या रस्त्याला उघडझाप करणारा लाल, म्हणजे पूर्ण थांबा, दोन्हीकडे बघा, मोकळं असेल तर निघा. मोठ्या रस्त्यावर नाक्याच्या अलीकडे रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे बारीक उंचवटे, आणि त्यावर दिसेल असा पांढरा पट्टा, नुसता डांबराचा उंचवटा नको. नाक्यावरचा बंद पडलेला हायमास्ट दिवा सुरू करा. आणि एवढं करूनही ब्लिंकरची भीती वाटत असेल तर निदान रात्रीचं टायमिंग वेगळं लावा. नव्वदच्या जागी वीस सेकंद. वीस सेकंद कोणीही थांबेल, डंपरवालासुद्धा. पुढेमागे पैसे आले तर गाडी आली की ओळखणारा सिग्नल बसवा, मोठ्या शहरांत तसे आहेत. पण त्याची वाट बघत आजचं काम अडवू नका.

अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. तोंडी उत्तर मिळालं की रात्री किती गाड्या जातात याचा आकडा कुठे आहे. प्रश्न रास्त आहे. त्यामुळे आम्ही रात्रपाळीचे रिक्षावाले मेडिकलच्या पायरीवर आळीपाळीने बसून मोजणार आहोत, प्रत्येक तासाचं वेगळं पान, चारही रस्त्यांचे वेगळे रकाने, पायी ओलांडणाऱ्यांचा पाचवा. त्या रकान्याचा आग्रह जुन्या रिक्षावाल्यांनीच धरला. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलं की सुरुवात करू, म्हणजे गाड्या वेळेवर असतील आणि आकड्यांवर कोणी शंका घेणार नाही. वही आणली आहे, रकाने आखायला माझ्या मुलीला बसवलं आहे.