पर्वतीवरून सिंहगड: मुलांच्या निसर्गचित्रांत खोली आणताना

या हिवाळ्यात मुलांच्या जलरंगांच्या वर्गात मी एकच धोरण ठेवले आहे: आधी छटा, म्हणजे रंगाचा गडद-फिकटपणा, मग रंग. डोंगर म्हटला की मुलांच्या मनात हिरवा रंग ठरलेला असतो. जवळचे झाड आणि क्षितिजावरची रांग ती सारख्याच गडद हिरव्याने भरतात आणि चित्रातले अंतर नाहीसे होते. म्हणून सध्या पॅलेटवर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग आहेत. त्यांच्या मिश्रणातून राखाडी मिळतो आणि पाणी कमी-जास्त करून प्रत्येकाने त्याच्या पाच छटांची कागदी पट्टी आधी तयार करायची.

सरावासाठी आम्ही संध्याकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीवर जातो. तेथून सिंहगड नैऋत्येला, सरळ रेषेत सुमारे १७ किलोमीटरवर आहे. सकाळचे ऊन डोंगराच्या आपल्याकडच्या बाजूवर पडल्याने घळी आणि कडे उठून दिसतात आणि मुले ते सगळेच काढू पाहतात. मावळतीला मात्र उजेड डोंगरामागून येतो, तपशील विरतात आणि रांगा एकामागे एक सोडलेल्या पडद्यांसारख्या वेगळ्या होतात. मधल्या हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि धूळ व बाष्प गडदपणा कमी करतात, म्हणून दूरची रांग निळसर आणि फिकट दिसते, हे कारण तिथेच सांगितले तर मुलांना चटकन पटते.

एका मुलीने गडावरचा दूरदर्शनचा मनोरा जवळजवळ काळ्या रेघेने काढला आणि एवढ्या लांबचा गड एकदम पुढे आला. तिने हात लांब करून छटांची पट्टी मनोऱ्याशेजारी धरली, तेव्हा तो फिकटाकडून दुसऱ्या छटेपेक्षा गडद नाही हे तिचे तिलाच दिसले. ओल्या ब्रशने रेघ उचलून, कागद वाळू देऊन, तिने ती फिकट रंगाने पुन्हा ओढली. माझ्या मते वर्गातली ही आजवरची सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे.

उजेडासाठी पांढरा पोस्टर कलर मी देत नाही. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद, त्यामुळे तो कुठे राखायचा हे पेन्सिलीने आधीच आखावे लागते. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, वर दाट आणि क्षितिजाकडे पातळ होत नेणे बहुतेकांना जमू लागले आहे, पण दुसऱ्या वॉशला कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा साधा कागद) फुगतो. यापुढे ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापून देणार आहे आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) हा तिसरा रंग फक्त सर्वांत जवळच्या जमिनीसाठी.