मुद्दाम धूर लावलेला चहा

थोंगमू गावाच्या वाटेवरील नाक्यावर माझे पारपत्र पाहून रखवालदाराने हसत हसत मान हलवली, तेव्हा माझ्यापेक्षा सोबतची चिनी मैत्रीणच अधिक ओशाळली. हे गाव चीनच्या फुजियान प्रांतात, वूयी पर्वताच्या संरक्षित जंगलात आहे आणि परदेशी माणसाला परवान्याशिवाय तिथे जाता येत नाही. मी राहते त्या शियामेन शहरातून आगगाडीने एवढ्या लांब येऊन मी तासभर नाक्याबाहेरच्या दगडावर बसून राहिले. राग आलाच, पण मग आठवले, की १८४९ साली रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चिनी वेष करून याच डोंगरांत शिरला होता आणि त्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून पाठवलेली चहाची रोपे आपल्याच हिमालयाच्या उतारावर लागली. त्या नियमाचा याच्याशी संबंध नसेल, पण भारतीय पारपत्र हातात धरून फार आरडाओरडा करणे मला शोभले नसते.

ज्याच्यासाठी गेले तो चहा म्हणजे झेंगशान श्याओझोंग; बाहेरचे जग त्याला लॅपसांग सूशाँग म्हणते. त्या डोंगरात पावसाळी हवा फार, त्यामुळे पाने उन्हात सुकवण्याचा भरवसा नसतो. म्हणून लाकडी माडीच्या इमारतीत खाली पाइनची लाकडे पेटवतात आणि वरच्या मजल्यांवर चटयांवर पाने पसरतात. पाने वळून, लाल होऊ देऊन झाली की शेवटची वाळवणही त्याच धुरावर होते. जाणकार त्याच्या चवीला सुकवलेल्या लाँगनच्या, म्हणजे लिचीसारख्या एका फळाच्या, पाण्याची उपमा देतात. मला मात्र पहिल्या घोटाला आजीची चूल आठवली, आणि तीही चांगल्या अर्थाने नव्हे.

आमच्या जळगावच्या घरी दुधाला धूर लागला, तर ते दूध कोणी ओठाला लावत नसे. ओले सरपण घातले म्हणून काकूंनी बोलणी खाल्ल्याचे मला लख्ख आठवते. तो दोष इथे कसब ठरतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात, हे पचायला मला वर्ष लागले. आता आपल्याकडेही महामार्गावर ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या लागतात, तेव्हा मी एकटीच वाहवले असे कोणी म्हणू नये. गंमत अशी, की आमच्या घरमालकीणबाई स्वतः हा चहा पीत नाहीत. त्यांना मी ‘आयी’ म्हणते. इथे त्याचा अर्थ मावशी. त्यांच्या मते धुराचा चहा परदेशी लोकांसाठी असतो. शहाण्याने बिनधुराचा प्यावा. याच थोंगमूत २००५ साली जिन जुन मेई हा नुसत्या कोवळ्या कळ्यांचा, धूर न दिलेला चहा तयार झाला. त्याची किंमत ऐकून मी मुकाट्याने पुन्हा धुराकडे वळले. युरोपीय संघाने चहातील अँथ्राक्विनोन या आरोग्याला घातक मानल्या जाणाऱ्या द्रव्याला किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे आणि लाकडाच्या धुरातून हे द्रव्य चहात उतरू शकते, हे मला ठाऊक आहे. पण मी दिवसाला एकच कप पिते, आणि तोही कोरा. दूध घालून पाहिले होते. तो कप झाडाच्या कुंडीत गेला.

या चहाच्या डब्याचे खरे चीज झाले ते स्वयंपाकघरात. खानदेशी माणसाला हिवाळ्यात भरीत लागते, आणि भरिताचे वांगे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेले लागते. इथली वांगी लांबट, जांभळी, बोटासारखी. घरात जाळ नाही, विजेची शेगडी आहे. वांगी कोरड्या तव्यावर भाजली तर मऊ होतात, पण त्यांना भाजल्याचा वास येत नाही. म्हणून आधी चहाचे दाट पाणी भरितात ओतून पाहिले. भरीत पातळही झाले आणि तुरटही. मग कोरडी पत्ती मिक्सरमधून बारीक केली, लसूण आणि हिरवी मिरची तेलात परतून शेगडी बंद केली आणि तेल जरा निवल्यावर चिमूटभर पूड त्यात सोडली. दोन मिनिटांनी ते तेल ठेचलेल्या वांग्यावर ओतले, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले, आणि स्वयंपाकघरात चक्क शेताचा वास आला. पूड चमचाभर झाली तर मात्र डांबर खाल्ल्यासारखे वाटते. अख्ख्या मसुराच्या आमटीत पत्तीचे पाणी चालते, पण तीन मिनिटांतच गाळलेले आणि आमटी उतरवताना घातलेले. डब्याचे झाकण घट्ट हवे, हे मी गुळाचा एक खडा वाया घालवून शिकले. त्या गुळाची पोळी कोणी खाल्ली नाही.

मागच्या हिवाळ्यात आई-बाबा आले होते. भरिताचा पहिला घास घेऊन आईने विचारले, “काड्या कुठून गं आणल्यास?” मी तिच्यापुढे चहाचा डबा धरला. तिने वास घेतला, झाकण लावले आणि म्हणाली, “भरितात चालेल. कपात नको.” बाबांनी मात्र दोन कप घेतले, साखर घालून.