कानबाईच्या जागरणाची फाइल

अमळनेरकडचे शूटिंगवाले नाना हार्ड डिस्क घेऊन जळगावला माझ्याकडे आले. आत कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, जागरणाचं चित्रण होतं, म्हाताऱ्या बायांनी रात्रभर म्हटलेली अहिराणी गाणी. मूळ कार्ड घरात कुणीतरी फॉरमॅट केलेलं. रिकव्हरीतून फायली निघाल्या होत्या, पण प्रत्येकीच्या शेवटी जुन्या लग्नाच्या शूटिंगचा कचरा चिकटलेला. प्लेअरवर गाणी वाजत, एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र फाइल घेतच नव्हतं.

"भाऊ, व्हई ना काम?" नाना पुन्हा पुन्हा विचारत होते.

सगळ्यात मोठी फाइल 180 जीबीची आणि डिस्क काठोकाठ भरलेली. शेवटचा कचरा लिनक्सच्या ‘हेड’ कमांडने कापायचा तर पुढचा सगळा भाग नव्या फाइलीत उतरवावा लागतो. त्याला ना जागा होती, ना वेळ. ‘ट्रंकेट’ ही दुसरी कमांड तसं करत नाही. सातबाऱ्यावरचा क्षेत्राचा आकडा बदलावा, तसं फाइल सिस्टीममधली लांबी तेवढी कमी होते आणि मागची जागा मोकळी सुटते. आधीचा डेटा जागचा हलत नाही.

पण कापायचं नेमकं कुठे? इथे घाई केली की फाइल गेलीच. एमपी४ व्हिडिओ फाइल म्हणजे एकामागे एक ठेवलेले डबे. प्रत्येकाच्या तोंडाशी चार बाइटांत आकार, मग चार अक्षरांचं नाव. चार बाइटांत 4 जीबीपर्यंतचाच आकडा मावतो, म्हणून ‘एमडॅट’ हा चित्रण-आवाजाचा डबा मोठा असला की त्याच्या आकाराच्या जागी नुसता 1 असतो आणि खरा आकार नावानंतरच्या आठ बाइटांत. तो हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वाचला, तेवढी उडी मारली, आणि समोर ‘मूव्ह’ ही अक्षरं दिसली तेव्हा जिवात जीव आला. हा डबा म्हणजे फाइलीची अनुक्रमणिका. कॅमेरा ती रेकॉर्डिंग थांबल्यावर लिहितो, म्हणून ती बहुधा शेवटी असते. ती तुटली तर आधीचं चित्रण साबूत असूनही साधा प्लेअर ते उघडत नाही.

‘मूव्ह’ संपतो तिथला आकडा कागदावर मांडून दोनदा ताडला. ट्रंकेटला परतीची वाट नाही, म्हणून कापायचं शेपूट आधी माझ्या डिस्कवर उतरवून ठेवलं. चुकलंच तर मागे जोडता येतं. मग कमांड दिली. एंटर दाबेपर्यंत काम झालं होतं. एडिटिंगच्या टाइमलाइनवर फाइल बसली, आवाजासकट.

बाकीच्याही तशाच कापल्या. एकीत मात्र ‘मूव्ह’ सापडलाच नाही. तिला कात्री लावली नाही. त्याच कॅमेऱ्याची एक चांगली क्लिप पाठवा, तिच्यावरून अनुक्रमणिका पुन्हा बांधून बघतो, असं नानांना सांगितलं.