संस्थेच्या बळकटीसाठी मिळालेले अनुदान

मुंबईतील दहिसर नदीवर काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेला आज अनुदानाचे मंजुरीपत्र मिळाले. मनापासून समाधान वाटले, कारण हा निधी एखाद्या स्वच्छता मोहिमेसाठी नसून संस्थेच्या बळकटीकरणासाठी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. तरीही देणगीदारांना बहुधा किती टन कचरा निघाला हाच आकडा हवा असतो, हिशेबनीसाच्या पगाराला कोणी सहसा तयार होत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहत येणारी ही नदी वस्तीत शिरताच सांडपाण्याने काळवंडते. उद्यानातले आणि पुलाखालचे पाणी आज दोन बाटल्यांत शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एकीतून मागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येत होती, दुसरीतून काहीच दिसत नव्हते. हा फरक विरघळलेल्या प्राणवायूच्या नोंदींसह दर महिन्याला महापालिकेपुढे मांडायचा, तर पूर्ण वेळ काम करणारा प्रशिक्षित माणूस हवा. रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकांची तळमळ कितीही खरी असली, तरी त्यांच्यावर हा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या हप्त्यातून हिशेबनीस नेमायचा आणि पाणी तपासणीचा संच घ्यायचा, असे संध्याकाळच्या बैठकीत एकमताने ठरले.