‘गोळ्या घेत नाही’ एवढंच लिहू नका

सोलापूरच्या पूर्व भागात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ९, म्हणजे कमी, आलं की लोहाच्या गोळ्यांबद्दल रजिस्टरात शेरा पडतो: ‘गोळ्या घेत नाही.’ दोष बाईचा ठरतो आणि विषय संपतो. नर्सचं राजकीय काम हा शेरा बदलण्यापासून सुरू होतं, असं मी ठामपणे मानते.

इथल्या विडी वळणाऱ्या तेलुगू भाषक बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. सकाळ दवाखान्यात गेली की तेवढ्या विड्या बुडाल्या. कारखान्यात छाट निघाली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या, तर आणखी पैसे गेले. भूक मारायला चहा, आणि गोळीही चहाबरोबरच. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. त्यात मळमळ, काळी शी. ‘काळी शी होणारच, घाबरू नका’ हे तिला तेलुगूतून कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ती पाकीट बाजूला ठेवते.

उपचार ठरलेले आहेत. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या, महिन्याने पुन्हा तपासणी. १ ग्रॅमनेही वाढलं नाही तर मोठ्या रुग्णालयात. ७ च्या खाली असेल तर लगेच पाठवायचं. पण शेऱ्यात खरं कारण लिहा: ‘सकाळी मजुरी बुडते’, ‘चहाबरोबर घेतली’, ‘आधारवर माहेरचं नाव, मातृवंदनेचे पैसे अडकले’. हे शेवटचं कारण, म्हणजे बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारी मातृवंदना योजनेची सरकारी मदत नाव न जुळल्याने अडकणं, पहिलटकरणींत फार दिसतं. नोंदणीच्याच दिवशी आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावं जुळवून पाहा. बाळंतपणानंतर धावपळ करायची वेळ आणू नका.

तीन महिन्यांच्या नोंदी कारणांप्रमाणे मोजा, नावं वगळा आणि आकडे वस्तीतल्या बायकांच्या महिला आरोग्य समितीपुढे ठेवा. ५० ते १०० घरांमागे एक समिती असते, तिला वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारे पैसे, असतो. तेवढ्यात मजुरीचा प्रश्न सुटत नाही. पण गरोदर तपासणी संध्याकाळी ठेवा, ही मागणी ठरावातून वर जाऊ शकते.

१९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनुसार सरकारी नर्सला पक्षाचं काम करता येत नाही. खरी नोंद करणं हे पक्षाचं काम नाही. कंत्राटी नर्सला मात्र नोकरीची भीती असते आणि ती खोटी नाही. म्हणून संध्याकाळच्या तपासणीच्या मागणीचा अर्ज एकटीच्या सहीने देऊ नका. समितीच्या बायकांच्या सह्या घ्या, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक क्रमांक टाकून घ्या.