घोडीच्या डोळ्यातला 'साप'

पावसाळा सरला की असा एखादा फोन येतोच. "डॉक्टर, घोडीच्या डोळ्यात साप फिरतोय. तेवढा काढा, तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू हुत्यात."

साप कसला, सिटारिया डिजिटाटा जातीचा जंत. गाई-म्हशींच्या पोटात तो निमूट राहतो. डास चावताना त्याच्या अळ्या घोड्यात सोडतात आणि तिथं त्याची वाट चुकते. ही रंकाळ्यावर फेऱ्या मारणारी काठेवाडी घोडी. डोळा निळसर, पाणी गळतंय, पापण्यांचे केस खाली झुकलेले, म्हणजे ठणका नक्की. मालकानं मेडिकलमधून माणसांचे स्टेरॉइडचे थेंब आणून घातले होते. न विचारता देणाऱ्या दुकानदारांना एकदा गोठ्यात आणून उभं करायला हवं. आधी फ्लुरोसीन हा रंग डोळ्यात टाकून पाहिलं. हिरवा डाग उमटला असता तर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम, आणि स्टेरॉइडनं ती चिघळलीच असती. डाग नव्हता.

जायलाझिन या गुंगीच्या औषधानं घोडीनं मान खाली सोडली. घोड्याच्या पापणीचा जोर बोटांना आवरत नाही, म्हणून तिची नस लिग्नोकेननं बधिर केली. अ‍ॅट्रोपिन आधी मुद्दाम घातलं नाही. त्यानं बाहुली मोठी झाली की जंत मागे सटकतो. तो पुढं येईपर्यंत थांबायचं. मग काळं संपून पांढरं सुरू होतं त्या कडेला १८ गेजची सुई तिरकी घातली. आतल्या पाण्याबरोबर जंत बाहेर, चार-पाच सेंटिमीटरचा, अजून वळवळणारा. सगळ्यांचे मोबाइल वर. इंजेक्शन देऊन आतच का मारला नाही, असं एकानं विचारलं. मेलेला जंत डोळा जास्त सुजवतो, हे सांगेपर्यंत तो व्हिडिओ पाठवण्यात गुंतला होता.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच. डोळ्यातला दिसला तरी. एखादा मज्जारज्जूत शिरला असेल तर मागचे पाय लटपटू लागेपर्यंत कळत नाही. त्यालाच कुमरी म्हणतात.

"घोडी म्हशींपासून लांब बांधा, संध्याकाळी जाळी लावा," मालकाला म्हणालो.

"म्हशीच्या दुधावरच घोडीचा हरभरा चालतोय, साहेब. दुसरी जागा कुठली?"

मला उत्तर सुचलं नाही. डोळ्यावरचा निळसरपणा बराचसा ओसरेल, पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. मालकाची चिंता वेगळीच होती, "गोंडे जरा खाली बांधले तर वरातीत दिसणार न्हाई न्हवं?"

"दिसणार नाही. पण त्या बाजूनं ती बिचकेल. बँड दुसऱ्या बाजूला ठेवा आणि लगाम स्वतः धरा."